जात्याची घरघर आणि जुळ्या ट्रान्झिस्टरची डबी

आज आपण एका डबीविषयी बोलणार आहोत. चहापावडरच्या लहान पत्र्याच्या डब्यात मावेल एवढं एक सर्किट आमच्या गटातल्या बाया बसवतात. त्याला बफर म्हणतात. त्यात दोन ट्रान्झिस्टर असतात, तेही एकमेकांना जुळणारे. ते कसे जुळवायचे, डबी कशी बांधायची आणि ती बोलत नसेल तर बिघाड कुठं शोधायचा, हे सगळं सांगतो. कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

आधी याची गरज कशाला पडली ते सांगतो. आमच्या गटानं आपल्या रेडिओसाठी म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या भरून घ्यायला घेतल्या. हे काम आपल्याकडं आधीही झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पण आपल्या गावच्या आजीची ओवी आपल्याच गावानं ऐकावी, असं आम्हाला वाटलं. विजेची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते, त्यामुळं दळायला बसल्याशिवाय पुष्कळ आज्यांना ती आठवतच नाही. म्हणून जातं मांडायचं, मूठभर जोंधळे घालायचे आणि गळा व जातं दोन्ही भरून घ्यायचं, असं ठरलं.

गळ्यासाठी रेडिओचा माइक होता. जात्यासाठी आम्ही पिएझोची चकती वापरतो. पितळेची पातळ, बांगडीपेक्षा लहान, २७ मिलिमीटरची. टेबलघड्याळाच्या बझरमध्ये असते तशीच, आणि फार स्वस्त. ती वस्तूला चिकटवली की त्या वस्तूची थरथर ती विजेत बदलते. जात्याची वरची तळी फिरते, तिला लावली तर वायर गुंडाळत जाईल, म्हणून चकती खालच्या तळीला लावायची. पीठ पुसून घ्यायचं आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं घट्ट बसवायची.

चकती थेट रेकॉर्डरला जोडली की जात्याची घरघर जाते. रिकामा डबा खडखडावा तसा पातळ आवाज येतो. आमच्या यादीत सात आज्या होत्या. त्यातल्या एक आजी दिवाळीच्या आधी गेल्या. त्यांचा गळा आमच्याकडं आहे, पण त्यांचं जातं त्या रेकॉर्डिंगमध्ये नुसतं टिणटिणतं. ते आता पुन्हा भरता येणार नाही. उरलेल्या सहा जणींचं तरी नीट व्हावं, यासाठी ही डबी आली.

आता आवाज पातळ का होतो ते बघू. विहिरीचा झरा बारीक असला आणि तिच्यावर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली तर काय होतं? विहीर तळ गाठते आणि मोटर हवा ओढते. झऱ्याला पाणी आहे, पण ओढणारा फार ओढतो. पिएझोची चकती म्हणजे असाच बारीक झरा. तिची कपॅसिटी साधारण २० नॅनोफॅरड असते. रेकॉर्डरच्या लाइन इनचा रोध बऱ्याचदा १० किलोओहमच्या घरात असतो. या दोघांची गाठ पडली की सुमारे ८०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज उतरत जातो, जितका खर्जातला तितका जास्त. जात्याची घरघर असते सगळी खाली, खर्जात. ती गळून जाते आणि वरचा खडखडाट तेवढा उरतो. तोच रोध १० किलोओहमच्या जागी १ मेगाओहम, म्हणजे शंभरपट केला, तर ही हद्द ८ हर्ट्‌झवर येते. माणसाचा कानच २० हर्ट्‌झच्या आसपास सुरू होतो. म्हणजे सगळं जातं ऐकू येतं.

बफर हे काम करतो. कीर्तनात बुवांच्या मागं धृपदकरी उभे असतात ना, तसा. बुवांचा आवाज थकलेला असला तरी धृपदकरी तेच पद स्वतःच्या दमावर म्हणतो. तो बुवांचा दम घेत नाही, नुसता कान देतो. बफर चकतीकडून जवळजवळ काहीच घेत नाही. तो आवाज मोठाही करत नाही. जसा आला तसाच, पण बॅटरीच्या ताकदीवर पुढं देतो.

आता सामान लिहून घ्या. २एन५४५७ या नंबरचे जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर. लागतात दोन, पण घ्या दहा. का ते पुढं सांगतो. १ किलोओहमचे रेझिस्टर दोन, १०० किलोओहमचे तीन, १० किलोओहमचा एक आणि १ मेगाओहमचा एक. ०.१ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर एक. १० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दोन. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या दोन, त्यांच्या टोप्या, एक स्विच, भोकाभोकांचा बोर्ड, ऑडिओचं सॉकेट, शिल्ड असलेली वायर आणि पत्र्याची डबी. घरातल्या विजेचा यात कुठंही संबंध नाही, त्यामुळं शॉकची भीती नाही. कथिलाचा धूर मात्र तोंडावर घेऊ नका, खिडकीपाशी बसा. काम झाल्यावर हात साबणानं धुऊन मगच भाकरीला हात लावा, कारण त्या कथिलात बहुधा शिसं असतं.

आता जुळवणी. बैलजोडी घेताना आपण काय बघतो? दोघांची उंची आणि चाल सारखी हवी. एक पुढं ओढणारा आणि एक मागं रेंगाळणारा असला की नांगर तिरका जातो. ट्रान्झिस्टरचं तसंच आहे. एकाच नंबरचे, एकाच पिशवीतले दहा काढले तरी दहाही सारखे नसतात. २एन५४५७ मधून गेट सोर्सला जोडल्यावर जाणारा करंट १ पासून ५ मिलीअँपपर्यंत कुठंही असू शकतो, हे बनवणारेच कागदावर लिहून देतात. अंगावरचा नंबर म्हणजे आडनाव. स्वभाव मोजूनच कळतो.

मोजण्याआधी जात तपासा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल टोक गेटला आणि काळं टोक उरलेल्या दोन पायांना आळीपाळीनं लावलं की ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास दिसतं. टोकं उलटी केली की काही दिसत नाही. मग मीटर ओहमवर घ्या आणि गेट सोडून उरलेल्या दोन पायांमध्ये मोजा. जेफेट असेल तर कुठल्याही बाजूनं काहीशे ओहम दिसतात. काहीच दिसलं नाही तर तो साधा ट्रान्झिस्टर आहे किंवा मेलेला आहे. एका दुकानातून आणलेल्या दहांच्या पिशवीत आम्हाला असे दोन भलतेच निघाले. नंबर बरोबर छापलेला होता. म्हणून हे तपासणं सोडू नका.

आता जुळवा. गेट आणि सोर्स हे दोन पाय एकत्र करून ९ व्होल्टच्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ड्रेनचा पाय मीटरमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. मीटर २० मिलीअँपवर ठेवा. जो आकडा येईल तो कागदी पट्टीवर लिहून ट्रान्झिस्टरला चिकटवा. दोन पथ्यं पाळा. पहिलं, ट्रान्झिस्टर बोटांत धरून मोजू नका. बोटाच्या उबेनं आकडा हलतो. बोर्डावर खोचा, वीस अंक मोजा, मग वाचा. दुसरं, सगळे एकाच बसणीत, एकाच बॅटरीवर मोजा. झालं की मीटर लगेच व्होल्टवर फिरवा. करंटवर ठेवून बॅटरीची दोन टोकं मोजायला गेलं तर मीटरचा फ्यूज उडतो. दहांतून ज्या दोघांच्या आकड्यांत ०.१ मिलीअँपहून जास्त फरक नाही, ती आपली जोडी.

आता बांधणी. दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्या की १८ व्होल्ट होतात. एक ट्रान्झिस्टर वर, एक खाली. वरच्याचा ड्रेन स्विचमधून पॉझिटिव्हला. वरच्याच्या सोर्सला १ किलोओहम, त्या रेझिस्टरच्या खालच्या टोकाला खालच्या ट्रान्झिस्टरचा ड्रेन. खालच्याच्या सोर्सला दुसरा १ किलोओहम आणि तो निगेटिव्हला. खालच्याचं गेट सरळ निगेटिव्हला.

वरच्याच्या गेटला मधला दाब द्यायचा. त्यासाठी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मध्ये १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावा. त्यांच्या मधल्या गाठीवर ९ व्होल्ट येतात. त्या गाठीपासून निगेटिव्हला एक १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याचं अधिक टोक गाठीकडं. गाठीपासून १ मेगाओहम निघून वरच्याच्या गेटला. चकतीची वायर ०.१ मायक्रोफॅरडमधून, मग १० किलोओहममधून त्याच गेटला. हा १० किलोओहम चकतीला जोरात ठोका बसला तर ट्रान्झिस्टरला सांभाळतो.

आवाज बाहेर घ्यायचा तो वरच्या १ किलोओहमच्या खालच्या टोकावरून. तिथं दुसरा १० मायक्रोफॅरड लावा. त्याचं अधिक टोक सर्किटकडं आणि वजा टोक सॉकेटकडं. सॉकेटपाशी तिसरा १०० किलोओहम निगेटिव्हला टाका, म्हणजे जोडताना धप् आवाज येणार नाही. पत्र्याची डबी निगेटिव्हला जोडा. लाल दिवा लावायचा मोह आवरा. हे सर्किट साधारण एक मिलीअँप खातं आणि दिवा त्याच्या कितीतरी पट खातो.

जोडी कशासाठी, हे आता नीट दिसेल. दोघांतून एकच करंट वाहतो. खालचा जेवढा करंट ठरवतो तेवढाच वरच्यातून जातो. दोघे सारखे असले तर दोन्ही १ किलोओहमवर सारखाच दाब पडतो, आणि बाहेरच्या गाठीवर गेटइतकेच, म्हणजे ९ व्होल्ट येतात. जोडी जमली नाही म्हणून डबी मुकी होत नाही. गाठ ९ च्या थोडी वर किंवा खाली बसते आणि तो फरक बाहेरचा कपॅसिटर अडवतो. पण जोडी जमली की किती आकडा यायला हवा हे आपल्याला आधीच माहीत असतं. बिघाड शोधताना याचा सगळ्यात मोठा आधार होतो. शिवाय दोन डब्या केल्या तर दोन्ही सारख्या वागतात.

आता डबी बोलत नसेल तर. घाबरून सगळं उपटू नका. दवाखान्यात आधी नाडी बघतात तसं क्रमानं जा. काळं टोक निगेटिव्हला कायम ठेवा आणि लाल टोक एकेका जागी लावा.

पहिली जागा बॅटरी. सर्किट चालू ठेवून मोजा. १८ च्या जवळ हवं. १४ च्या खाली असेल तर बॅटऱ्या बदला.

दुसरी जागा १०० किलोओहमची मधली गाठ. इथं ९ हवेत. साधा मीटर साडेआठ दाखवेल, ते चालतं. शून्य किंवा १८ आले तर टाका कच्चा आहे, रेझिस्टर चुकीचा आहे किंवा कपॅसिटर उलटा आहे.

तिसरी जागा बाहेरची गाठ, कपॅसिटरच्या अलीकडं. इथं ९ च्या आसपास हवं. शून्याजवळ आलं तर वरच्या ट्रान्झिस्टरला वीज पोचत नाही, त्याच्या ड्रेनचा टाका बघा. १०-११ आलं तर खालचा ओढत नाही, त्याचा १ किलोओहम आणि त्याचे टाके बघा. १७ च्या वर आलं तर वरचा आतून जळून एक झाला आहे, जोडी पुन्हा जुळवा.

चौथी जागा दोन्ही १ किलोओहम. प्रत्येकाच्या दोन टोकांमध्ये मोजा. दोन्ही आकडे सारखे हवेत. ०.८ व्होल्ट आला तर ०.८ मिलीअँप वाहतोय, असा सोपा हिशेब.

इथं एक फसवी गोष्ट आहे. वरच्याच्या गेटवर मीटर लावला की ९ च्या जागी साडेचारच्या आसपास दिसतं. बाया म्हणतात, अर्धा दाब गेला कुठं? कुठंच गेला नाही. बऱ्याच स्वस्त मीटरचा आतला रोध १ मेगाओहम असतो. गेटला दाब येतो तोही १ मेगाओहममधूनच. मीटर लावताक्षणी तो अर्धा दाब ओढून घेतो. मीटर काढला की गेट पुन्हा ९ वर जातं. रेकॉर्डर चकतीचं जे करत होता तेच मीटर गेटचं करतो. म्हणून गेटवर मोजायचंच नाही. बाहेरच्या गाठीवर मोजा. तिथं बफर स्वतःच्या दमावर उभा असतो, मीटरनं तो हलत नाही. एवढं समजलं की बफर समजला.

आकडे सगळे बरोबर आहेत पण आवाज ठीक नाही, असंही होतं. आवाज अजून पातळ असेल तर १ मेगाओहमचे रंग उजेडात बघा. तपकिरी, काळा, हिरवा हवा. तपकिरी, काळा, नारिंगी असेल तर तो १० किलोओहम आहे आणि सगळी मेहनत वाया जाते. पावसाळ्यात आवाज करकरत असेल तर बोर्डावर टाक्यांची राळ उरलेली असते आणि ओल धरते. जुन्या दातांच्या ब्रशनं स्पिरिट लावून धुवा आणि वाळू द्या. मधेच आवाज जात-येत असेल तर लाकडी पेन्सिलीनं एकेका टाक्यावर हलकं टिचकी मारा. जिथं खरखरेल तिथं टाका पुन्हा वितळवा. सतत घूं आवाज येत असेल तर डबीचं झाकण लावा, डबी निगेटिव्हला जोडलेली आहे का बघा, चकतीची वायर शिल्डची आणि आखूड ठेवा, मोबाइल आणि चार्जर लांब ठेवा. रेकॉर्डर चार्जरवर असेल तर तो काढून बॅटरीवर चालवा.

हे सगळं बायांनी का करावं, असं आम्हाला गावातही विचारलं गेलं. आमचं उत्तर सरळ आहे. रेडिओचा माणूस तालुक्याहून येतो, तो त्याच्या वेळेनं. आजीला बरं वाटतं त्या सकाळी जातं मांडायचं असतं. त्या सकाळी डबी आपल्या हातात हवी, आणि बिघडली तर दुरुस्त करणारी बाई शेजारच्या घरात हवी. आमच्या गटात टाका घालायला सगळ्यांत चांगली ठरली ती शिवणकाम करणारी ताई. बारीक हात आणि धीर दोन्ही तिच्याकडं आधीपासून होते. मोजमापाची वही सांभाळते ती गटाची हिशेबनीस. दहा ट्रान्झिस्टरचे दहा आकडे तिनं हप्त्यांच्या वहीत लिहावेत तसे ओळीनं लिहिले आहेत.

ज्यांच्याकडं जातं नाही त्यांनीही ही डबी करावी. भजनी मंडळाच्या एकतारीच्या भोपळ्याला किंवा ढोलकीच्या खोडाला चकती लावून बघा. लाकडाचा आणि भोपळ्याचा खर्ज स्पीकरवर पुरा उतरतो.

नव्या डबीवर आमच्या चार आज्या भरून झाल्या आहेत. एकीनं कानाला हेडफोन लावून स्वतःचं जातं ऐकलं आणि म्हणाल्या, "हे माझंच. दाणे कमी पडले की ते असंच ओरडायचं." दोघी अजून बाकी आहेत. एक लेकीकडं गेल्यात, एकींना गुडघ्यामुळं खाली बसता येत नाही. त्यांच्यासाठी जातं ओट्यावर मांडायचं ठरलंय.

तुमच्या गटाला आमचं सांगणं एवढंच. या बैठकीत गावातल्या ओव्या येणाऱ्या बायांची यादी करा. वयानं सगळ्यांत मोठ्या त्यांचं नाव वर लिहा. कोणाकडं जातं आहे आणि त्याला टाकी लावून किती वर्षं झाली, तेही विचारा. सामान बाजारात मिळतं, डबी दोन दुपारींत होते. यादीला मात्र उशीर करू नका.

पुढच्या वेळी याच डबीला दुसरी जोडी लावून गळा आणि जातं वेगवेगळं कसं भरायचं, ते सांगू. तोवर तुमच्या जुळवणीचे आकडे वहीत लिहून ठेवा. नमस्कार.